लांब सरळ केस, लाटा आणि अकोल्याचा कूलर

माझ्या वेणीचं टोक कोविडच्या आधीचं आहे. आज ते कमरेखाली लोंबतं, पण डोक्यातून बाहेर पडलं तेव्हा आमच्या घरात सॅनिटायझर हा शब्दही कुणी उच्चारला नव्हता. हिशोब सोपा आहे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. माझे केस मुळापासून टोकापर्यंत नव्वद सेंटिमीटरच्या आसपास भरतात. भागाकार केला की सहा-सात वर्षं येतात. एवढ्या वर्षांत त्या टोकाने लोकलच्या दारातला वारा, टाकीचं पाणी, ओढणीच्या पिना आणि माझा कंगवा असं सगळं सोसलंय. त्यामुळे पार्लरमधली ताई जेव्हा "मॅडम, मस्त सॉफ्ट कर्ल्स करून देते, दहा मिनिटांत" म्हणत केस गुंडाळायची तापलेली टाँग पुढे करते, तेव्हा मला त्या म्हाताऱ्या टोकाची काळजी वाटते.

माझं टाँगशी वैर नाही. खांद्यापर्यंत केस असलेल्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी टोकं कापणाऱ्या बाईने ती खुशाल वापरावी. तिच्या केसाचं नुकसान दिसायला लागायच्या आत ते कात्रीखाली गेलेलं असतं. लांब केसवाल्यांचं तसं नाही. कातडीला भाजलं तर खाली नवी कातडी येते. केस एकदा बाहेर आला की निर्जीव, त्याला भरून येणं माहीत नाही. चटका बसला तो बसला, तो पुढची कित्येक वर्षं पाठीवर वागवायचा, नाहीतर वीतभर केस कापायचे. फाटे फुटलेले केस कुठल्याही सिरमने परत जुळत नाहीत, फक्त चिकटल्यासारखे दिसतात, तेही पुढच्या न्हाण्यापर्यंत.

मी ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट आहे. केस मोकळे सोडून बर्नरजवळ येणाऱ्या मुलींवर ओरडणं हा माझ्या नोकरीचा न लिहिलेला भाग. एखादीची बट ज्योतीला लागली की जो वास सुटतो, तो केसातल्या गंधकाचा. लग्नसराईत आमच्या डोंबिवलीच्या पार्लरांसमोरून जाताना तोच वास सिरमच्या सुगंधात मिसळून येतो. टाँग आणि स्ट्रेटनर साधारण १८० ते २३० डिग्रीपर्यंत तापतात. पूर्ण कोरडा केस दोनशेच्या थोडं वरपर्यंत कसाबसा तग धरतो, पण ओला केस दीडशेच्या आसपासच हात टेकतो. घाईच्या दिवशी अर्धवट ओल्या केसावर टाँग दाबली की चर्र आवाज येतो ना, तो केसातलं पाणी उकळल्याचा. त्या वाफेने केसाच्या आत पोकळ फुगे होतात, सूक्ष्मदर्शकाखाली चक्क दिसतात, आणि पुढे केस बरोबर तिथे मोडतो.

आता गंमत बघा. टाँगने पडलेली लाट आणि रात्री वेणी घालून झोपल्यावर सकाळी दिसणारी लाट, आतून दोन्ही एकच आहेत. केस म्हणजे मुख्यतः केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना बऱ्याच दुव्यांनी बांधलेल्या असतात. त्यातले गंधकाचे दुवे पक्के, ते तोडायला पर्मिंगची, म्हणजे केस कायमचे कुरळे करायची, रसायनं लागतात. हायड्रोजनचे दुवे कच्चे. ते नुसत्या पाण्याने सुटतात आणि केस सुकला की परत जुळतात. जुळताना केस ज्या आकारात असेल तोच आकार धरून बसतात. ओल्या केसांनी झोपलं की सकाळी एका बाजूला जो हट्टी वाक पडलेला असतो आणि काही केल्या बसत नाही, तो हाच. टाँग दुसरं काही करत नाही. तेच कच्चे दुवे उष्णतेने सोडवते आणि केस गार होताना नव्या जागी जुळवते, काही सेकंदांत. पाण्याला त्याच कामाला रात्र लागते. ज्या बाईला उद्या दुपारी लग्नाला जायचंय आणि आज रात्र मोकळी आहे, तिने भाजून घ्यायचं कारण काय?

शाळेत दोन वेण्या, रिबिनी, वेण्या दुमडून वर बांधलेल्या, अशा वयातून गेलेल्या सगळ्यांना हे माहीत आहे. शनिवारी दुपारी वेण्या सोडल्या की केस नागमोडी दिसायचे. फक्त तेव्हा त्याला कुणी बीच वेव्हज् म्हणत नव्हतं आणि आई म्हणायची, "ते पिंजारलेले केस आधी विंचर."

माझे केस सुतासारखे सरळ, जाड आणि निसरडे. अंबाड्यातून आकडे आपोआप गळतात, गजरा मानेवर येतो. अशा केसांवर लाट टिकत नाही अशी सगळ्यांची समजूत. टिकते. पण तिच्या अटी आहेत, आणि पहिली अट ओलाव्याची. इंटरनेटवरच्या बहुतेक व्हिडिओंत "केस थोडे ओलसर ठेवा" एवढं म्हणून पुढे जातात, आणि सगळं गणित तिथेच फसतं.

न्हाऊन आल्यावर केस निथळत असताना वेण्या घातल्या तर सकाळपर्यंत त्या आत ओल्याच राहतात. बाहेरून हात लावला तर कोरड्या लागतात, सोडल्या की आतला गाभा थंडगार. आणि तो थंडगार भाग तासाभरात सरळ, कारण त्याचे दुवे अजून जुळायचेच होते. उलट, केस पूर्ण सुकल्यावर वेण्या घातल्या तर दुवे सुटलेच नाहीत, मग नवा आकार धरणार कुठून? लागतो तो मधला टप्पा. केस जवळजवळ सुकलेले, पण पुरते नाहीत. हाताच्या बोटांना हा फरक नीट कळत नाही, गालाला कळतो. बट घेऊन गालावर टेकवायची. गाल ओला झाला तर थांबायचं. ओला न होता नुसता गार लागला तर वेळ झाली. काहीच गार लागलं नाही तर पाण्याची फवारणी करायची, कुंडीतल्या रोपांवर मारतो तसल्या बाटलीने, आणि तीही मुळांवर नाही, कानाखालच्या भागावर.

सकाळी सोडतानाही हीच परीक्षा. वेणी गालाला लावायची. गार लागली तर सोडायची नाही. ती वेणी तशीच ठेवून चहा करायचा, डबा भरायचा. अगदीच घाई असेल तर हेअर ड्रायरचा गार वाऱ्याचा झोत, गरम नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकारात कौशल्य फारसं नाही, सगळा खेळ धीराचा आहे.

आता प्रकार. साध्या तीनपेडी वेणीने येते ती लाट जरा कोनेदार असते, त्रिकोण त्रिकोण पडल्यासारखी. एक सैल वेणी घातली तर लाट फक्त खालच्या अर्ध्यात, तीही मोठी आणि आळशी. दोन वेण्यांनी जरा बरी. चार-सहा बारीक घट्ट वेण्या घातल्या तर केस कुरळे नाही, फुगीर होतात. कुणाला आवडतात, मला नाही. मुळापासून लाट हवी असेल तर कपाळापासून केस घेत घेत सागरवेणी घालायची. पण एक लक्षात ठेवा, लाट जितकी वरून सुरू होईल तितकी ती खाली वजनाने ओढली जाते. कमरेपर्यंतच्या केसांचं वजन काही कमी नसतं, म्हणून आधी वरचा भाग सरळ होतो आणि टोकाकडचा शेवटपर्यंत राहतो. मला तेच छान दिसतं. वर भांग चापूनचोपून सपाट, कानाखालून लाट.

वेणीपेक्षा मला दोन पेडांचा पीळ आवडतो. एक जाड बट घ्यायची, तिचे दोन भाग करायचे. दोन्ही भाग वेगवेगळे उजवीकडे पिळायचे, नीट, तर्जनीवर फिरवत, म्हणजे प्रत्येक भाग ताणला की स्वतःभोवती गोळा व्हायला बघतो. मग ते दोन्ही एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळत खाली जायचं. सुंभाची दोरी वळतात ती याच तत्त्वावर. प्रत्येक पेडाला सुटायचं असतं एका दिशेला आणि दोरीला सुटायचं असतं दुसऱ्या दिशेला, त्यामुळे दोघांपैकी कुणीच सुटत नाही. सगळं एकाच दिशेला पिळलं तर हात सोडल्या क्षणी उलगडतं. दोन पेडांच्या पिळाने येणारी लाट गोल असते, वेणीसारखे कोन नसतात. माझ्या केसांना डोक्याच्या दोन बाजूंना दोन-दोन पीळ पुरतात.

सरळ केसवालींची खरी फजिती असते टोकांची. वरती सुंदर लाट आणि शेवटचे तीन-चार इंच उंदराच्या शेपटीसारखे सरळ. वेणीच्या टोकाला रबर बांधलं की त्याखालचा केस मोकळाच राहतो, तो सरळच सुकणार. उपाय चिंधीचा. जुन्या सुती साडीची बोटभर रुंद चिंधी घ्यायची, टोक तिच्यात लपेटायचं, चिंधीसकट टोक वर गुंडाळायचं आणि चिंधीचीच गाठ मारायची. रबर अजिबात नको. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि ताणात लवकर तुटतो. सकाळी रबराबरोबर जे केस निघून येतात ते बहुतेक गळलेले नसतात, तुटलेले असतात. टोक बघा, मुळाची बारीक पांढरी गाठ नसेल तर तुटलाय.

सध्या सगळीकडे दिसणारा तो सॅटिनचा मऊ लांब रॉड मीही मागवला. कपाळावरून हेअरबँडसारखा ठेवायचा, मधे क्लचर लावायचा आणि दोन्ही बाजूंनी केस त्याच्याभोवती चेहऱ्यापासून उलट दिशेला गुंडाळत जायचं, प्रत्येक वेढ्याला थोडे नवे केस घेत. खांद्याच्या थोडं खाली केस असतील तर हा प्रकार उत्तम, लाट एकदम सिनेमातल्यासारखी. माझ्या लांबीला तो आखूड पडतो. रॉड संपतो, केस उरतात, मग उरलेले केस आधीच्याच वेढ्यांवर गुंडाळावे लागतात आणि आतले थर सुकत नाहीत. त्यापेक्षा जुन्या लेगिंग्जचा एकेक पाय कापून चार लांब पट्टे करा. मागच्या केसांना दोन, पुढच्या केसांना दोन. फुकटात काम होतं आणि त्यावर झोपलं तर मान दुखत नाही.

आकड्यांनी एकेक बट गोल गुंडाळून डोक्यावर चिकटवायचा जुना प्रकार मी कमरेएवढ्या केसांवर कुणालाच सुचवणार नाही. हात गळून पडतात. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दोन अंबाडे. केस दोन भागांत, प्रत्येक भाग चेहऱ्यापासून उलट पिळत जायचं, तो आपणच गोल बसायला लागतो, टोक आत खोचायचं, दोन यू पिना. ऑफिसला जाताना घालून जा, संध्याकाळी कार्यक्रमाला सोडा. लाट मोठी आणि सैल येते, पण नैसर्गिक दिसते.

आता अकोला. माझं सासर तिकडचं. थोरल्या जाऊबाईंच्या मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं. विदर्भात मे महिन्यात लग्न काढायचं धाडस फक्त विदर्भवालेच करतात. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर, दुपारच्या हवेत दमटपणा वीस टक्क्यांच्या आसपास. नवरीसाठी मेकअपवाली होती. बाकीच्या पुतण्या, भाच्या, त्यांच्या मैत्रिणी अशी सगळी पलटण माझ्याकडे. "काकू, तुमच्यासारखे वेव्हज् करून द्या." मेंदीची संध्याकाळ होती, एकीचेही हात मोकळे नव्हते. कोपरापर्यंत मेंदी, वर लिंबू-साखरेचं पाणी, आणि समोर न्हालेल्या केसांच्या पोरी रांगेने पाटावर बसलेल्या.

डोंबिवलीत सुकायची वाट बघावी लागते. इथे उलटं. पहिल्या पोरीचे दोन पीळ होईपर्यंत तिसरीचे केस खडखडीत. प्रत्येक बटेवर वेगळी फवारणी करूनच पुढे जावं लागत होतं. शिवाय पाणी. अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णेच्या खोऱ्याचा पट्टा खारपाणपट्टा म्हणूनच ओळखला जातो, जमिनीतलं पाणी खारट. नळाला पाणी नसेल त्या दिवशी बोअरच्या पाण्याने न्हायचं. शाम्पूला फेस येत नाही आणि केस राठ होतात. पण खरं सांगायचं तर लाटेच्या दृष्टीने राठ केस वाईट नाहीत. अगदी मऊ, कंडिशनरने गुळगुळीत झालेले केस पिळातून घसरतात. राठ केस एकमेकांना धरून राहतात. म्हणून मीही कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कंडिशनर फक्त शेवटच्या वीतभर भागाला लावते, वर अजिबात नाही.

सगळ्यांचे पीळ घालून झाले, चिंध्या बांधून झाल्या. सासूबाई आतून आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. "काय वं हे? लगन पोरीचं हाय का जटाधारी बाबाचं?" पोरी हसून हसून लोळल्या.

मग झोपायची व्यवस्था. हॉलमध्ये मोठा कूलर, त्याच्यासमोर गाद्या टाकलेल्या. सगळ्या पोरी तिकडे धावल्या. मी म्हटलं, ज्यांना लाटा हव्यात त्यांनी गच्चीवर. कूलर म्हणजे पाण्याने भिजलेल्या गवताच्या ताट्यांतून ओढलेली हवा. ती गार लागते कारण तिच्यात पाणी असतं, आणि तेच पाणी रात्रभर केसांवर येत राहतं. बाहेर वीस टक्के असलेली हवा कूलरच्या खोलीत डोंबिवलीची होऊन जाते. अर्ध्या पोरींनी ऐकलं, उरलेल्या म्हणाल्या, "काकू, उकडतंय." गच्चीवर पहाटेपर्यंत गार वारा सुटतो, विदर्भात उन्हाळ्यात सगळे तिथेच झोपायचे. सकाळी गच्चीवाल्या पोरींच्या चिंध्या सोडल्या तर लाट अशी की वरातीत घामाने भिजूनही, रात्रीच्या जेवणापर्यंत उतरली नाही. कूलरवाल्यांचे केस गार आणि मऊ. त्यांना परत गच्चीवर नऊच्या उन्हात उभं केलं, पीळ न सोडता. अकोल्याचं ऊन निदान त्या कामी आलं.

सोडताना टोकापासून वर यायचं. चिंधी सोडायची, पीळ उलटा उलगडायचा, ओढायचा नाही. पहिलं दृश्य भीतीदायक असतं. आकुंचन पावलेले, घट्ट, स्प्रिंगसारखे केस बघून एका भाचीने रडायचंच बाकी ठेवलं होतं. कंगवा लावायचा नाही, काहीही झालं तरी. डोकं खाली करून बोटांनी बटा सुट्या करायच्या आणि अर्धा तास सोडून द्यायचं. केसाचं वजन आपलं काम करतं. ज्या लाटा जेवढ्या घट्ट दिसतात त्या तेवढ्याच राहतील असं धरायचंच नाही, म्हणून सुरुवात हवी त्यापेक्षा घट्ट करायची. जरुरीच वाटली तर रुंद दातांची फणी, तीही फक्त खालच्या भागात.

टिकण्यासाठी काय लावायचं? मी जवस लावते. विदर्भात जवसाची चटणी घरोघरी असते, जाऊबाईंच्या डब्यात तर नेहमीच. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ठेवायचं, ढवळत राहायचं. दहा-एक मिनिटांत पाणी दाट व्हायला लागतं आणि चमचा उचलला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार ओघळते. तिथेच गॅस बंद. त्यापुढे उकळलं तर ते गाळताच येत नाही, जवस आणि चीक एकजीव होऊन बसतात. गरम असतानाच जुन्या पातळ ओढणीतून पिळून गाळायचं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की फेकायचं. हा चीक म्हणजे जवसाच्या सालीतली कर्बोदकं. ती सुकून केसावर पातळ पापुद्रा धरतात आणि तो पापुद्रा आकार सोडू देत नाही. दोन चमचे हातावर चोळून प्रत्येक बटेला पीळ घालायच्या आधी लावायचा, टाळूला नाही. सुकल्यावर केस जरा कडक लागतात, बोटांनी चुरगाळले की कडकपणा जातो. जास्त झाला तर पांढरी पापडी पडते, काळ्या केसांवर ती कोंड्यासारखी दिसते. लग्नाच्या फोटोत ते नको.

मिठाच्या पाण्याचा स्प्रे मी वापरत नाही. लाट छान येते, पण मीठ केस कोरडे करतं आणि लांब केसांची टोकं आधीच कोरडी.

तेलाबद्दल मला नेहमी विचारतात. खोबरेल लाटेच्या आड येतं, पण न्हायच्या आदल्या रात्री लावलेलं येत नाही. २००३ साली मॅरिकोच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना करून शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. केसातून धुतलं जाणारं प्रथिन खोबरेलाने कमी झालं, बाकी दोघांनी नाही, कारण खोबरेल केसाच्या आत शिरतं. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनही मला ते पटतं. माझी आजी हे न वाचताच करत होती. रात्री तेल, सकाळी शिकेकाई, पंच्याने हलकं टिपणं, खसाखसा पुसणं नाही.

उष्णता नाही म्हणजे नुकसान नाही, असं मात्र समजू नका. रोज रात्री कपाळापासून घट्ट ओढलेल्या वेण्या घालाल तर केसांची मुळं ओढली जातात, भांग रुंद होतो, कानशिलावरचे केस विरळ होतात. पीळ घट्ट असू दे, मुळाशी ताण नको. डोकं दुखलं तर सैल करा. ओल्या टाळूने रोज झोपलं तर कोंडा आणि खाज वाढू शकते. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. आणि उशीला जुन्या रेशमी साडीचा अभ्रा घाला. सुती अभ्रा केस घासतो. माझ्या लग्नातल्या एका साडीचा पदर विरला होता, तिचे दोन अभ्रे झाले.

लग्नानंतर आम्ही रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसने परतलो. पहाटे इगतपुरीला आरशात पाहिलं तर माझे केस झकास होते. कसाऱ्याचा घाट उतरून कल्याणला उतरेपर्यंत वरचा निम्मा भाग सरळ, आणि डोंबिवलीत जिना चढेपर्यंत फक्त टोकांना काय ती आठवण. हवेतलं पाणीही पाणीच, ते कच्चे दुवे पुन्हा सोडवतं. जुलैत आमच्याकडे हवा ऐंशी टक्क्यांच्या वर दमट असते, तेव्हा अकोल्याची पद्धत जशीच्या तशी चालत नाही. बटा बारीक घ्याव्या लागतात, पीळ जास्त घट्ट, जवस जरा जास्त, केस आणखी थोडे सुकवून मगच सुरुवात, आणि पंख्याखाली झोपायचं. सोडायचं घरी नाही, हॉलवर पोहोचल्यावर, बायकांच्या खोलीत. ट्रेनमध्ये डोक्याला ओढणी गुंडाळून बसलं की शेजारची बाई "बरं नाही का?" विचारते, विचारू दे.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या लाटेचं काय करायचं, तर रात्री केस टाळूवर एकदम उंच, सैल अंबाड्यात बांधून झोपायचं. सकाळी फक्त पुढच्या दोन बटांवर फवारणी करून त्यांचे पीळ घालायचे, नाश्ता होईपर्यंत ठेवायचे. चेहऱ्याजवळ लाट असली की मागचं कुणी बघत नाही.

परवा त्या भाचीचा फोन आला. तिच्या नणंदेचं रिसेप्शन आहे, ऑगस्टमध्ये, वसईला, समुद्राकाठच्या लॉनवर. "काकू, वेव्हज् कसे टिकवू?" मी म्हटलं, टिकणार नाहीत, अंबाडा घाल. गजऱ्याचे पैसे मी देते.